स्टेंटनंतर रक्तवाहिनी पुन्हा अरुंद का होते?



पाड्यावर एका काकांनी मला विचारले, "ताई, स्टेंट घातला, तरी छाती पुन्हा का दुखते?"

फुगा फुगवून वाट मोकळी करताना रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. शरीर ती जखम भरते. पण कधी हे भरणे गरजेपेक्षा जास्त होते आणि काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद होते. मधुमेह असल्यास धोका अधिक. १९७७ साली झुरिचमध्ये फुग्याचा उपचार सुरू झाला, तेव्हा साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास होई. औषध लावलेल्या स्टेंटमुळे आता तो दहांत एकापेक्षाही कमी जणांना होतो.

मात्र अशा स्टेंटवर अस्तर सावकाश चढते. तोवर त्यावर रक्ताची गुठळी धरू शकते, आणि ती एकाएकी जीव घेऊ शकते. गोळ्या त्यासाठीच असतात. काकांनी बरे वाटले म्हणून त्या सोडल्या होत्या. त्याच दुपारी आम्ही त्यांना जीपने रुग्णालयात नेले. आता ते घरी आहेत.

तुमच्या ओळखीत कोणाला स्टेंट असेल तर एवढेच विचारा : गोळ्या चालू आहेत ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवू नयेत. काकांना प्रार्थनेत आठवा.