काचेवरचा फवारा आणि त्यामागचा पंप

पावसाळ्यात पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल मोटारीच्या काचेवर बसतो. अशा वेळी वॉशरचे बटण दाबूनही पाणी आले नाही, तर वायपर तोच चिखल काचभर सारवतो आणि चालकाला काही क्षण रस्ताच दिसत नाही. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या गाडीत हा छोटा पंप केव्हातरी दगा देतो. तो बदलणे अवघड नाही. मात्र दोष दुसरीकडे असताना चांगलाच पंप काढून टाकला जाण्याची शक्यता बरीच असते.

प्रथम इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवा, बटण दाबा आणि कान द्या. घुर्र असा आवाज आला तर मोटर फिरते आहे. मग टाकीतले पाणी, निसटलेली नळी आणि फवाऱ्याचे तोंड पाहावे. बोअरचे जड पाणी वापरले असेल तर त्या बारीक छिद्रात क्षार बसतात. नळी तोंडापाशी सोडवून बटण दाबल्यावर धार आली, तर पंप निर्दोष आहे. छिद्र टाचणीने मोकळे करावे.

आवाजच आला नाही तर आधी फ्यूज पाहावा. तो ठीक असेल तर पंपाचा प्लग काढून तेथे वीज पोचते का ते तपासतात. येथे व्होल्टमीटर फसवू शकतो. हे गणित नववी-दहावीच्या वर्गात करून दाखवण्याजोगे आहे. मोटरचा रोध ढोबळमानाने ४ ओहम धरू. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ती ३ अँपियर धारा घेईल. आता तारेच्या जोडावर गंज चढून तेथे आणखी ४ ओहम रोध आला, तर धारा दीड अँपियरवर येते आणि मोटरच्या वाट्याला फक्त ६ व्होल्ट उरतात. प्लग काढून तेथे मीटर लावला तर मात्र तो जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरमधून धारा नगण्य वाहते आणि गंजलेल्या जोडावर विभवांतर पडतच नाही! म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा तारा जोडून तेथे लावावा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगावे. दिवा लख्ख पेटला तर वीज नीट येते, दोष पंपात. मिणमिणला तर जोड घासून साफ करा.

हा पंप नेहमी टाकीच्या तळाशीच का? तो विहिरीवरच्या पंपासारखा केंद्रोत्सारी असतो. फिरणारी पाती पाण्याला बाहेर फेकतात आणि त्यातून दाब निर्माण होतो. हा दाब द्रवाच्या घनतेवर अवलंबून असतो. हवा पाण्याच्या सुमारे आठशेपट हलकी, त्यामुळे आत हवा असली तर पंप फिरूनही पाणी ओढत नाही. विहिरीवर यासाठी फूट व्हॉल्व्ह बसवून पंप आधी पाण्याने भरतात. गाडीत पंप तळाशी असल्याने पाणी आपोआपच त्यात उतरते.

बदलताना बॅटरीची ऋण तार सोडवा, खाली बादली ठेवा. जुनी नळी ताठरलेली असते. गरम पाण्याचे फडके गुंडाळल्यास ती न फाटता निघते. पंप टाकीच्या भोकातल्या रबरी कडीत नुसता दाबून बसवलेला असतो, तो हलवत ओढून काढावा. कडी नवीच घ्या. ती बसवताना साबणाचे पाणी लावावे, तेल नको. तेलाने असे रबर फुगते. आतली जाळी व टाकीचा गाळही धुवावा. मग टाकी भरून गळती पाहावी आणि नंतरच बटण दाबावे, कारण कोरडा फिरल्यास नवा पंपही खराब होतो.

काही गाड्यांत मागच्या काचेलाही हाच पंप पाणी देतो. मोटर उलट फिरली की पाणी दुसऱ्या तोंडातून जाते. तेथे नळ्या काढण्यापूर्वी त्यांवर खूण करून ठेवावी.