मोटारीच्या रेडिएटरचा पंखा घरीं बदलतांना

ऊसगाळपाच्या हंगामांत कुरकुंभ, पाटस व दौंड यांच्या दरम्यान ट्रॉल्यांच्या रांगेमागें मोटार हांकण्याचा प्रसंग आपल्या बहुतेक सभासदांस येतो. पाटसहून बारामतीकडे जातांना रोटी घाटही कित्येकदां अशाच मंद चालीनें चढावा लागतो. अशा वेळीं बोनेटमधून वाफ निघूं लागली म्हणजे मालक पाण्याची कळशी शोधतो. परंतु दोष पुष्कळदां पाण्यांत नसून पंख्यांत असतो. बाजारांतून दुसऱ्या बनावटीचा पंखा आणून घरीं बसविणें अवघड नाहीं. मात्र पंखा फिरला म्हणजे काम झालें, हा समज इंजिनास महाग पडतो.

ट्रॅक्टरचा किंवा जुन्या अँबॅसिडरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यानें फिरतो. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत इंजिन आडवें असल्यामुळें पंख्यास विजेची स्वतंत्र मोटर असते, व पाणी सुमारें ९५ अंशांपर्यंत तापलें कीं ती आपोआप सुरू होते. गाडी वेगांत असतां समोरचा वाराच रेडिएटर निववितो. म्हणूनच पंखा निकामी असलेली गाडी सोलापूर रस्त्यानें सुखरूप धांवते आणि ट्रॉलीमागें उकळते.

नवा पंखा घेण्यापूर्वीं जुना खरोखर बिघडला आहे काय, हें पाहावें. साध्या दोन तारांच्या पंख्याची जोडणी सोडवून त्यास बॅटरीवरून थेट प्रवाह द्यावा. तो जोमानें फिरला तर दोष फ्यूज, रिले किंवा उष्णतेवर चालणारा स्विच यांपैकीं कशांत तरी आहे, व थोडक्यांत काम भागतें. ही परीक्षा न करितां पंखा विकत आणणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

नवा घेतांना केवळ पात्यांचा व्यास जुळवूं नये. मोटरीची शक्तिही पाहावी. १२ व्होल्टवर १२० वॅटचा पंखा १० अँपिअर प्रवाह ओढतो. जुन्याहून अधिक ओढणारा पंखा जुन्याच तारांवर जोडला तर फ्यूज उडतो. त्या जागीं मोठा फ्यूज घालणें हा उपाय नव्हे. मग फ्यूजाऐवजीं तार वितळते. जाड तार व स्वतंत्र रिले घ्यावा. ज्या नव्या गाड्यांत पंख्याचा वेग संगणक ठरवितो, त्यांस हे प्रयोग करूंच नयेत.

काम गार इंजिनावर व बॅटरीची ऋण तार काढूनच करावें, कारण कांहीं गाड्यांचा पंखा चावी बंद असतांही अकस्मात् फिरूं लागतो. पंख्याभोंवतींचें प्लॅस्टिकचें कवच अडचण होते म्हणून टाकून देऊं नये. त्यामुळेंच हवा रेडिएटरच्या सर्व भागांतून ओढली जाते. कांहीं पंख्यांबरोबर रेडिएटरच्या जाळींतून ओंवावयाच्या प्लॅस्टिकच्या दांड्या मिळतात. हादऱ्यांनीं त्या नळ्यांवर घांसतात व गळती लागते. पंखा कवचास किंवा लोखंडी पट्टीस बोल्टांनीं बसविलेला बरा. पाचटाचा भुसा जाळींत अडकला असल्यास याच वेळीं इंजिनाच्या बाजूनें हलक्या धारेनें धुवावा.

आतां मुख्य गोष्ट. रेडिएटरच्या मागें, इंजिनाकडे असलेला पंखा हवा समोरून आंत ओढतो. साध्या मोटरीच्या तारा उलट जोडल्या तर तो उलट फिरतो. आवाज तोच, डौल तोच, पण वारा बाहेर! चालत्या गाडीचा वारा व पंख्याचा वारा मग एकमेकांशीं झगडतात. पंखा चालूं असतां रेडिएटरसमोर कागद धरावा. तो जाळीस चिकटला तर दिशा बरोबर. दूर उडाला तर तारा बदलाव्या. तारा बरोबर असूनही कागद उडाला तर तो पंखा पुढून ढकलण्यासाठींच बनविलेला आहे.

शेवटची परीक्षा उभ्या गाडीवरच घ्यावी. इंजिन चालूं ठेवून पंखा आपोआप सुरू होऊन बंद पडण्याची वाट पाहावी, व असें दोनदां होऊं द्यावें. तोंवर तापमानाचा कांटा लाल रेघेकडे चढूं लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावें. रेडिएटरचें झाकण मात्र उघडूं नये. ०.९ आंकड्याच्या झाकणाखालीं पाणी सुमारें ११८ अंशांपर्यंत न उकळतां राहतें, आणि दाब सुटतांच अंगावर उसळतें. पातळी दुसऱ्या दिवशीं सकाळीं, गार असतां पाहावी, व कमी भरल्यास निर्मात्यानें सांगितलेलें कूलंटच घालावें; विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें नळ्यांत पापुद्रे बसतात.