बोटं फिरवण्यापलीकडचं शिक्षण

अपघात, भूकंप किंवा अत्याचार होऊन वर्षं लोटली, तरी काहींच्या मनात तो प्रसंग जणू आत्ताच घडतोय इतका ताजा राहतो. त्यावरच्या ‘ईएमडीआर’ उपचारात रुग्ण ती आठवण मनात धरतो आणि नजरेनं थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे फिरणाऱ्या बोटांचा माग घेतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी या पद्धतीचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आघातोत्तर तणावविकारासाठी तिची शिफारस केली. वरवर पाहणाऱ्याला ती दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकण्याजोगी वाटते, आणि धोका तिथेच आहे.

या उपचाराचे आठ टप्पे आहेत आणि बोटं फिरतात ती चौथ्यापासून. त्याआधी पूर्वेतिहास समजून घ्यायचा, स्वतःला शांत करण्याचे मार्ग रुग्णाला शिकवायचे, आठवणीचा त्रास ० ते १० मध्ये किती, हे विचारायचं. मध्येच रुग्ण भान हरपून शून्यात पाहू लागला, तर त्याला वर्तमानात परत आणायचं. वेळ संपली आणि आठवण अर्धवट उघडी राहिली, तर त्याला सावरूनच घरी पाठवायचं. हे व्याख्यानातून येत नाही. म्हणून प्रशिक्षणार्थी आधी एकमेकांवर, स्वतःच्या किरकोळ त्रासदायक आठवणी घेऊन, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सराव करतात आणि पुढे प्रत्यक्ष रुग्णांबद्दल अनुभवी थेरपिस्टशी चर्चा करतात.

डोळ्यांच्या हालचालींनी खरंच फरक पडतो का, असा आक्षेप जुना आहे. २००१ च्या एका संशोधन-आढाव्याला त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही. २०१३ च्या दुसऱ्या आढाव्याला दिसला. पण हा वाद प्रशिक्षणाचं महत्त्व कमी करत नाही, उलट वाढवतो. हालचालींचा वाटा जितका कमी, तितका उरलेल्या कौशल्याचा भार जास्त.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आपल्याकडे थेरपिस्टच कमी, मग इतकं लांबलचक प्रशिक्षण परवडणार कसं? याबाबत गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेचा अनुभव बोलका आहे. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनीही नैराश्यावर परिणामकारक उपचार केले. मात्र त्यांना वर्गात शिकवून सोडून दिलं नव्हतं. सत्रांची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांच्या कामाची सतत तपासणी होत होती. नैराश्यासाठी जी देखरेख आवश्यक ठरली, ती आघाताच्या उपचारात टाळता येणार नाही. माणसं कमी आहेत म्हणून व्याख्यानं आटोपशीर करावीत, भाषा सोपी करावी, शुल्क उतरवावं. देखरेखीला मात्र कात्री लावू नये. कारण ती टाळल्याची किंमत आधीच होरपळलेला रुग्ण मोजतो.