मोटारीच्या टपावरील सागवानी पट्ट्या

बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीजवळील साजगांवीं एका जुन्या मोटारीच्या टपावरील कॅरिअर आमच्या पाहण्यांत आलें. लोखंडी चौकटीवरील सात सागवानी पट्ट्यांपैकीं दोन कुजल्या होत्या. सुतार सातही बदलूं पाहत होता. दोन पानें गहाळ झालीं म्हणून कोणी सबंध पोथी नव्यानें लिहवीत नाहीं! उरलेल्या पांचांवरील जुनीं भोकें व दोरांचे वळ हाच येथील लेख होय. स्क्रूही टाकूं नयेत. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेंत १९३६ च्या सुमारास प्रचारांत आला. त्यापूर्वीच्या गाडीवर तो दिसल्यास मागाहूनची दुरुस्ती समजावी. येथें सर्व स्क्रू सरळ खाचेचे निघाले. पण असे आजही मिळत असल्यानें तेवढ्यावरून काल ठरत नाहीं. जुन्या पट्ट्यांना रंधा न लावतां जवसाचें तेल दिलें. नव्या दोहोंच्या पोटाशीं दुरुस्तीचें वर्ष कोरविलें.