स्प्लिंटच्या टेबलामागून

मनगट दुखतं म्हणून आलेला बहुतेक प्रत्येक जण आधी एक्स-रेचं पाकीट पुढे करतो. आम्ही ते पाहतो, पण त्याआधी विचारतो, "काल सकाळपासून या हातानं काय काय केलंत?" रुग्णाला हा प्रश्न फालतू वाटतो. "विशेष काही नाही हो, घरचंच," असं म्हणणाऱ्या मावशी पाच मिनिटांनी सहज सांगून जातात की एकत्र कुटुंब आहे, पोळ्या एकटीनं लाटते, आणि गेल्या महिन्यापासून बादलीतले कपडेही हातानंच पिळते, कारण मशीन बिघडलंय. हाताच्या उपचारांच्या विभागात निम्मं निदान अशा गप्पांतूनच हाती लागतं.

दोन-अडीच महिन्यांचं बाळ घेऊन आलेली एक आई आणि तिच्या सासूबाई माझ्या चांगल्या लक्षात आहेत. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला सूज होती. दुधाची बाटली उघडतानाही कळ जायची. "बाळंतपणात वारा लागलाय, दुसरं काही नाही," असं सासूबाईंनी दारातच सांगून टाकलं. मी तिला अंगठा मुठीत धरून मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवायला लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही चाचणी फार जपून करावी लागते, कारण जोर दिला तर निरोगी मनगटही दुखतं. म्हणून दुसऱ्या हाताशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही काहीच बोलत नाही.

अंगठा बाहेर आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेनं एका अरुंद बोगद्यातून जातात. बाळाच्या बगलेत हात घालून त्याला उचलताना अंगठे फाकतात, मनगट वाकडं होतं आणि त्या कंडरांवर ताण येतो. दिवसातून कितीतरी वेळा हेच घडत राहिलं की बोगद्याचं आवरण जाड होतं आणि आत जागा उरत नाही. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द कर्वेन यांनी 1895 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं. त्याआधी युरोपात ते धुणं धुणाऱ्या बायकांचं दुखणं म्हणून ओळखलं जायचं. कष्टांशी असलेलं त्याचं नातं लोकांनी केव्हाच ओळखलं होतं.

तिच्यासाठी स्प्लिंट बनवायला घेतला. प्लॅस्टिकची कडक शीट साधारण 65 ते 70 अंशांच्या पाण्यात सोडली की मऊ पडते. ती पुसून, अंगाला सोसेल इतकी निवू देऊन हातावर बसवायची, आणि ती घट्ट होईपर्यंतच्या काही मिनिटांत आकार द्यायचा. अंगठ्याचं टोकाचं पेर मोकळं ठेवायचं, म्हणजे बटणं लावता येतात. आईचा स्प्लिंट असेल तर आणखी एक काम असतं. सगळ्या कडा बाहेर वळवून त्यावर मऊ कापड चिकटवायचं. बाळाच्या गालाला कड लागली की आई त्याच क्षणी स्प्लिंट काढून ठेवते, आणि पुन्हा घालत नाही. स्प्लिंट कपाटात पडून राहिला तर बरं कोण होणार?

मग आम्ही वाळू भरलेली कापडी बाहुली काढली. एक हात डोक्या-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, तळवे वर, अंगठे बोटांना चिकटलेले आणि वजन कोपरापर्यंतच्या हातावर. सून चाचरत होती. तेवढ्यात सासूबाईंनीच बाहुली ओढून घेतली आणि एकदम बरोबर उचलून दाखवली. पुढच्या खेपेला सून हसत सांगत होती, "मॅडम, घरात दिवसभर एकच चाललंय. अंगठा आत घे, अंगठा आत घे!" त्या घरात आमचं निम्मं काम सासूबाईंनी केलं, असं मी मनापासून मानते. स्प्लिंटनं भागलं नाही तर डॉक्टर त्या बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. त्या शब्दाची लोकांना धास्ती वाटते, पण बऱ्याच जणांना त्यानं आराम पडतो. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढू शकते आणि टोचलेल्या जागी कातडी फिकी पडू शकते, हे मात्र आधीच सांगितलेलं बरं.

हे काम आपल्याकडे आलं कुठून, हे आमच्या विद्यार्थ्यांनाही नीट ठाऊक नसतं. जन्मानं अमेरिकन असलेल्या, लग्नानं निंबकर झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. औषध आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे, माणसाला त्याच्या रोजच्या कामात परत नेणं हाही उपचार आहे, ही दृष्टी आम्हाला तिथून मिळाली. शिकवताना मी त्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरं एक दुखणं रात्री छळतं. मध्यरात्री हात बधिर होतो, मुंग्या येतात, माणूस उठून बसतो आणि हात झटकतो. एक काकू कित्येक महिने मानेचा पट्टा लावून झोपत होत्या. मी विचारलं, "करंगळीलाही मुंग्या येतात?" त्यांनी विचार केला. "नाही. ती सोडून बाकीच्या." मनगटाच्या तळव्याकडच्या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते. ती नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना वाहते. करंगळी तिच्या वाट्याला येत नाही. मनगट खाली वाकवून मिनिटभर धरायला लावलं, तर मिनिट भरायच्या आतच काकू म्हणाल्या, "आल्या, त्याच मुंग्या!"

झोपेत आपण मनगट दुमडतो आणि बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून रात्री मनगट सरळ धरणारा स्प्लिंट लागतो. काकूंनी दुकानातून एक आधीच आणला होता, पण त्यानं गुण आला नव्हता. अशा तयार पट्ट्यांत धातूची एक पट्टी असते आणि पुष्कळदा ती मनगट मागे झुकेल अशी वाकवलेली असते. या नसेला आराम मिळतो तो मनगट सरळ असताना. मी ती पट्टी खिशातून बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट केली आणि परत घातली. नवा पैसाही खर्च झाला नाही. डॉक्टरांनी रक्ततपासणी करून घेतली तेव्हा थायरॉइडचाही दोष निघाला. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत काकू सलग झोपू लागल्या.

सगळे असे सुटत नाहीत. अंगठ्याखालचा तळव्याचा उंचवटा सपाट होऊ लागला असेल, बोटं दिवसरात्र बधिर असतील, हातातून वस्तू निसटत असतील, तर आम्ही स्प्लिंटच्या भरवशावर दिवस काढत नाही. त्याच आठवड्यात शल्यचिकित्सकांकडे पाठवतो. नस सुकू देणं ही रुग्णाशी केलेली दगाबाजी आहे.

आणि ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ते दुखणं सगळ्यात साधं दिसतं. दुचाकीवरून पडलेला एक मुलगा, डावा तळवा टेकलेला, सूज जेमतेम, पहिल्या दिवशीचा एक्स-रे स्वच्छ. घरच्यांनी लचक समजून तेल लावून चोळायला सुरुवात केली होती. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो. तिथे बोट दाबलं आणि त्यानं हात मागे ओढला. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड आहे. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकानं मिळतं, म्हणून मधे चीर गेली की दुसरा तुकडा उपाशी राहू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर कधीकधी दिसतच नाही. डॉक्टरांनी संशयावरच हात प्लास्टरमध्ये ठेवला, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, आणि त्यात रेघ दिसली. तुकडे सरकलेले नव्हते, त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज पडली नाही.

"आता दुखत नाही, मग गाडी चालवू ना?" हा त्याचा पुढच्या प्रत्येक भेटीतला प्रश्न. तो आणि त्याची आई दोघांच्याही समोर फाईलवर लाल शाईनं लिहून दिलं, की एक्स-रेत हाड सांधलेलं दिसेपर्यंत क्लच दाबायचा नाही, तेल चोळायचं नाही, प्लास्टर सैल झालं तर त्याच दिवशी यायचं. तो दर वेळी हिरमुसून जायचा आणि ठरल्या तारखेला परत यायचा. प्लास्टर निघायला जवळजवळ तीन महिने लागले.