येशूचा आवाज परतला, ज्यूडासचा बाकी आहे

बारामतीहून रेल्वेनं पुण्याला निघालं की वाटेत दौंड लागतं. या दौंडमध्ये डॉ. जब्बार पटेल डॉक्टरकी करत होते आणि त्याच काळात पुण्याच्या थिएटर अकॅडमीसाठी नाटकं बसवत होते. 1978 साली त्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणलं. मूळ नाटक ब्रेश्टचं, 1928 सालचं, कुर्ट वाइलच्या संगीताचं; मराठी अवतार पु. ल. देशपांडे यांचा. भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर संगीताच्या बाजूला तिसरं नाव होतं नंदू भेंडे. नाटकातला अंकुश हा गुंडही तेच करत. नाट्यपदांवर कान घडलेल्या प्रेक्षकासमोर त्यांनी रॉक गायकाचा मोकळा, खरखरीत घसा उभा केला, आणि तोही मराठी शब्दांतून. माझ्या मते मराठी रंगभूमीच्या इतिहासात या गोष्टीची नोंद फार त्रोटक झाली आहे.

नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. नाटक घरातच होतं. गाणं त्यांनी वेगळ्या वाटेनं आणलं. ‘सॅव्हेजेस’ आणि ‘वेल्व्हेट फॉग’ या मुंबईच्या बँडमधून ते गायले. 1974 मध्ये अलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे संगीतनाट्य मुंबईत केलं, त्यात ज्यूडास नंदू भेंडे होते आणि येशू होते मधुकर चंद्र दास. एकाच रंगमंचावर समोरासमोर गायलेल्या या दोन आवाजांचं पुढं काय झालं, त्यासाठीच हा लेख.

त्या काळच्या बँडना तबकडी मिळणं दुर्मीळ होतं. देशात तबकड्यांचा बाजार प्रामुख्यानं एचएमव्हीच्या हातात, मग पॉलिडोर आली. दोघींचंही पोट सिनेमाच्या गाण्यांवर. परदेशी गिटार आणि अॅम्प्लिफायर आयात कराच्या ओझ्यानं आवाक्याबाहेर. हॉटेलांत आणि कॉलेजांच्या महोत्सवांत श्रोत्यांना रेडिओवर ऐकलेली इंग्रजी गाणीच हवी असत, स्वतःची चाल ऐकवायला धाडस लागे. अशा वेळी एका सिगारेट कंपनीच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेनं 1970 आणि 1971 साली देशभरातल्या बँडच्या दोन तबकड्या काढल्या. सिगारेटच्या जाहिरातीसाठी निघालेल्या या तबकड्या आज त्या पिढीचा मोठा पुरावा आहेत. पुढं परदेशातल्या छोट्या कंपन्यांनी त्या पुन्हा छापल्या.

मधुकर चंद्र दास ज्या बँडमध्ये गात, तो ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’. कीथ कांगा यांचा हा मुंबईचा बँड. ‘ऑब्सेशन 77’ ही त्यांची एकुलती एक तबकडी. ती निघेपर्यंत बँडचे दिवस सरत आले होते. 2010 नंतर लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीनं ती पुन्हा काढली आणि तिच्या जोडीला जुनी, कधीच बाहेर न आलेली ध्वनिमुद्रणं दिली. अशा संकलनाची ताकद यातच असते. सुट्या गाण्यांतून जे कळत नाही, ते गाणी ओळीनं लावली की ऐकू येतं: बँड कुठून निघाला, कोणाची नक्कल करत होता, आणि नक्कल कुठं संपली. बीटल्सच्या गाण्यांचे 1973 मधले लाल आणि निळा हे दोन संग्रह कालक्रमानं लावलेले होते, म्हणून ते ऐकताना एका बँडचं वयात येणं समजतं. नुसती गाजलेली गाणी एकत्र कोंबली की बाजार होतो, इतिहास होत नाही. आमच्या इंदापूर तालुक्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं मंदिर उघडं पडतं आणि जुनं गाव कुठं होतं ते पोरांनाही दिसतं. चांगलं संकलन हेच काम करतं.

म्हणजे येशूचा आवाज अमेरिकेच्या वाटेनं का होईना, परत आला. ज्यूडासचा आवाज मात्र आमच्याच भागात येऊन गेला आणि आम्हाला त्याचं नाव कळलं नाही. 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीतात कृष्णाला हाक मारणारं जे गाणं आहे, ते नंदू भेंडे यांचं. त्या सिनेमाची गाणी गणपतीच्या मांडवात आणि वरातीत कर्ण्यावरून वाजली. एसटी स्टँडजवळच्या टपरीवर प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांशेजारी ‘डिस्को डान्सर’ची कॅसेट मांडलेली असायची. गाणं पडद्यावर मिथुनचं झालं. एप्रिल 2014 मध्ये भेंडे गेले, तेव्हा ज्यांनी त्यांचा आवाज शेकडो वेळा ऐकला होता, त्यांतल्या अनेकांना गायक कोण हे ठाऊक नव्हतं. याची मला मनापासून खंत आहे.

नंदू भेंडे यांचा संग्रह करायचा तर दोन अडचणी आहेत. पहिली हक्कांची. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो. 1970 ची तबकडी 2031 च्या जानेवारीत मोकळी होईल, 1982 चं सिनेमागीत 2043 मध्ये. शब्द आणि चालीचा हक्क तर रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही; सिनेमा कंपनी, नाट्यसंस्था आणि घरचे लोक यांना एका टेबलाशी बसवावं लागेल.

दुसरी अडचण फितीची, आणि ती जास्त घाईची आहे. कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, आणि सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर वेगानं सरकणारी. पावसाळी हवेत तिच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. तशीच वाजवली की बुरशी हेडवर बसते आणि आवाज चिखलात बुडतो. सत्तरच्या दशकातल्या काही स्पूलवरचा चिकट थर ओलावा शोषून सैल होतो. अशी फीत पन्नास अंशांच्या आसपास काही तास शेकली तर थोड्या दिवसांपुरती वाजते. त्या दिवसांत ती उतरवून घेतली तर घेतली. म्हणून जुनी फीत सापडली की आधी वाजवून बघायचा मोह आवरावा, जाणकाराच्या हाती द्यावी.

संग्रहाचा क्रम मी असा लावीन: आधी बँडचे दिवस, मग ज्यूडास, मग मधोमध अंकुश, सिनेमाचं गाणं शेवटी. प्रत्येक गाण्याखाली गिटार, बास आणि ड्रम वाजवणाऱ्यांची नावं हवीत, ध्वनिमुद्रण कुठं झालं ते हवं. पुस्तिका मराठीत हवी. आणि ज्यांच्या माळ्यावर ‘तीन पैशाचा तमाशा’च्या तालमीची किंवा एखाद्या कॉलेज महोत्सवाची फीत पडून असेल, त्यांनी ती पुढच्या पावसाळ्याआधी खाली काढावी.