कोंबड्याच्या तुऱ्यातील दात

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने जतन केलेल्या, अठराव्या शतकातील शल्यविशारद जॉन हंटरच्या संग्रहात एक बरणी अशी आहे की, तिच्यातील उभ्या चिरलेल्या कोंबड्याच्या तुऱ्यात माणसाचा दात रुतून बसलेला दिसतो. वस्तू गारुड्याच्या पोतडीत शोभावी अशी. परंतु तिच्यामागील पद्धती मोठी काटेकोर होती. नुकताच उपटलेला निरोगी दात रक्ताने भरलेल्या तुऱ्यात छेद घेऊन बसवावयाचा, काही महिन्यांनी कोंबडा मारून त्याच्या रक्तवाहिन्यांत द्रव भरावयाचा, दात सौम्य आम्लात मऊ करावयाचा आणि मग दोहोंचा एकत्र छेद घ्यावयाचा. तो द्रव दातातील वाहिन्यांतही उतरलेला आढळला, तेव्हा सजीव भाग परस्परांशी सांधतात याविषयी हंटरची खातरजमा झाली.

हा प्रयोग पुष्कळ वेळा करून एकदाच साधला, हे त्यानेच प्रांजळपणे नमूद केले आहे. मात्र बरणी लाभली ती त्या एका यशाला, आणि पाहणाऱ्याच्या मनावर ठसते तीही तीच. गरिबांचे दात विकत घेऊन धनिकांच्या हिरड्यांत बसविण्याचा जो व्यवहार तेव्हा लंडनमध्ये चाले, त्याला हंटरसारख्या विद्वानाचा पाठिंबा मिळाला, हे मला त्याच्या कीर्तीवरील गालबोटच वाटते. परक्याचा अवयवांश शरीर का झिडकारते, याचा उलगडा होण्यास जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावरच्या सशांवरील प्रयोगांपर्यंत, म्हणजे १९४० नंतरच्या काळापर्यंत, थांबावे लागले. याउलट, हंटरच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १७९४ मध्ये, लंडनच्या एका मासिकाने पुण्यानजीकच्या ज्या शस्त्रक्रियेची हकीकत छापली, तीत टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या मराठा गाडीवानाला त्याच्याच कपाळाची कातडी, मुळाशी जोडलेली ठेवून, खाली वळवून नवे नाक दिले होते. आपल्याच देहाचा भाग असल्याने तो रुजला.

हंटर १७९३ मध्ये कर्ज मागे ठेवून वारला. त्याचा तरुण मदतनीस विल्यम क्लिफ्ट तुटपुंज्या वेतनावर संग्रहाची राखण करीत राहिला, आणि १७९९ मध्ये सरकारने १५,००० पौंड मोजून तो खरीदला. हंटरची हस्तलिखिते मात्र त्याचा मेहुणा एव्हरार्ड होम याने १८२३ मध्ये जाळली. त्यांतील जो मजकूर क्लिफ्टने आधीच उतरून घेतला होता, तेवढाच वाचला. पुढे मे १९४१ च्या बॉम्बवर्षावात संग्रहातील सुमारे १४,००० नमुन्यांपैकी बहुतेक नष्ट झाले. जे साडेतीन हजारांच्या आसपास उरले, त्यांत हा तुरा आहे.